वकील, महापौर आणि ३६,००० एकर

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करतो. द्राक्षांच्या आणि भाजीपाल्याच्या मळ्यांचे प्लॉट पडताना माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. वकिली, नगरसेवकपद आणि लेआउटचा व्यवसाय ही तिन्ही कामे एकाच घरात, क्वचित एकाच माणसाकडे असलेली आपल्याला नवी नाहीत. अमेरिकेच्या स्थापनेच्या काळातही हेच चित्र होते, असे एका व्याख्यानात ऐकले. त्या काळातील अशा एखाद्या माणसाचे चरित्र सविस्तर सांगावे, ही विनंती. (ज्येष्ठ वकील, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आपण ऐकलेत ते खरे आहे. स्वातंत्र्यापूर्वीच्या अमेरिकन वसाहतींत व्यापारी बँका नव्हत्या आणि शेअर बाजारही नव्हता. हाती पैसा आला की तो व्यापारात तरी घालायचा, नाही तर जमिनीत. जमिनीचे हक्क राजाच्या सनदा, गव्हर्नरांची दाने, मूळ रहिवासी जमातींशी झालेले करार आणि अर्धवट मोजण्या यांत असे गुंतलेले असत की वकिलाशिवाय पान हलत नसे. साहजिकच जमिनीचा व्यवहार सर्वांत आधी वकिलाला कळे आणि त्यातला चांगला तुकडाही बहुधा त्याच्याच पदरात पडे. जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः भूमापक होता आणि जमीन खरेदीचा त्याला आयुष्यभर नाद होता, हे आपणास ठाऊक असेलच. परंतु आपल्या प्रश्नात बसेल असा माणूस शोधायचा तर मी जेम्स ड्वेन याचे नाव घेईन. तो वकील होता, स्वातंत्र्यानंतरचा न्यूयॉर्क शहराचा पहिला महापौर होता आणि सुमारे ३६,००० एकर रानावर गाव वसवण्याचा ध्यास घेतलेला जमीनमालकही होता.

ड्वेनचा जन्म ६ फेब्रुवारी १७३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील अँथनी ड्वेन आयर्लंडमधील गॉलवे परगण्यातले. ब्रिटिश आरमाराच्या नोकरीत असताना ते या बंदरात आले आणि पुढे तिथेच व्यापारी म्हणून स्थिरावले. मुलगा चौदा वर्षांचा असताना ते वारले. त्यानंतर जेम्सचे पालकत्व हडसन नदीकाठच्या अफाट जहागिरीचे धनी रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांच्याकडे गेले. या एका गोष्टीने त्याच्या आयुष्याची दिशा ठरली, असे मला वाटते. लिव्हिंग्स्टन हे न्यूयॉर्कमधील सर्वांत मातब्बर जमीनदार घराण्यांपैकी एक होते आणि त्या घरात वाढणाऱ्या मुलाला मोठेपणा जमिनीतून येतो हे वेगळे शिकवावे लागले नसणार. जेम्स अलेक्झांडर या नामांकित वकिलाच्या हाताखाली त्याने कायद्याचा अभ्यास केला. याच अलेक्झांडरने मुद्रक जॉन पीटर झेंगर याच्यावरील गाजलेल्या बदनामीच्या खटल्यात झेंगरची बाजू घेतली होती. १७५४ मध्ये ड्वेनला वकिलीची सनद मिळाली आणि १७५९ मध्ये त्याने आपल्या पालकाची कन्या मारिया लिव्हिंग्स्टन हिच्याशी विवाह केला.

वकिली चांगली चालली, पैसा येऊ लागला आणि तो जमिनीत जाऊ लागला. ऑल्बनीच्या पश्चिमेला वडिलांकडून आलेली काही जमीन होती. तिच्या आजूबाजूच्या सनदा विकत घेत त्याने एकसंध मोठा पट्टा तयार केला आणि १७६५ मध्ये त्याला स्वतंत्र गावाचा (टाउनशिपचा) दर्जा मिळवून दिला. हेच डवेन्सबर्ग. सुमारे ३६,००० एकर म्हणजे छपन्न चौरस मैल. तिथे बाजारपेठ नव्हती, रस्ता नव्हता आणि नांगराखालची जमीन तर जवळजवळ नव्हतीच. अशा रानाला किंमत यायची ती माणसे आल्यावर. म्हणून ड्वेनने पेनसिल्व्हेनियातील जर्मन कुटुंबांना तिथे आणण्याचा करार केला, आणि पुढेही वसाहतदार मिळवण्याची त्याची खटपट आयुष्यभर चालू राहिली. आजच्या विकासकाला इमारत उभी राहीपर्यंत पैसा अडकल्याची चिंता असते. ड्वेनचा पैसा पिढीभर अडकलेला होता.

शहराच्या वेशीबाहेर, मॅनहॅटन बेटावरच, त्याने १७६१ मध्ये आणखी एक लहान मालमत्ता घेतली. तिचे नाव ग्रॅमर्सी. तिच्याविषयी पुढच्या एका उत्तरात लिहिले आहे.

आता त्याच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त भागाकडे वळतो, कारण दिवाणी वकिलाला तोच अधिक उपयोगी वाटेल. आज ज्याला व्हरमाँट म्हणतात त्या डोंगराळ प्रदेशावर न्यू हॅम्पशायर आणि न्यूयॉर्क अशा दोन वसाहती हक्क सांगत होत्या. न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ याने १७४९ पासून तिथे गावेच्या गावे दान द्यायला सुरुवात केली आणि शेतकरी कुटुंबे ती घेऊन वसलीही. १७६४ मध्ये राजाने कनेटिकट नदीचा पश्चिम किनारा ही सीमा ठरवली आणि संपूर्ण प्रदेश न्यूयॉर्ककडे गेला. त्यानंतर न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी त्याच जमिनीच्या सनदा पुन्हा नव्या लोकांना दिल्या. एका हाती वेंटवर्थचा कागद आणि राबून तयार केलेले शेत, दुसऱ्या हाती न्यूयॉर्कची सनद. ड्वेनने या दुसऱ्या प्रकारच्या सनदांमध्ये मोठी रक्कम गुंतवली होती.

१७७० च्या जून महिन्यात ऑल्बनी येथे या शेतकऱ्यांना जमिनीवरून हटवण्याचे दावे चालले. वादींच्या बाजूने ड्वेन आणि वसाहतीचा महाअभियोक्ता जॉन टेबर केम्प उभे होते. समोर न्यायाधीश रॉबर्ट लिव्हिंग्स्टन, म्हणजे ड्वेनच्या सासरच्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतले. न्यूयॉर्कच्या सनदा टिकण्यात न्यायाधीश आणि वकील या दोघांचाही स्वार्थ होता. प्रतिवादींनी आपले न्यू हॅम्पशायरचे कागद पुढे केले, तेव्हा ते पुराव्यात घ्यायलाच न्यायालयाने नकार दिला. मूळ दस्तऐवजच निशाणी पडण्याआधी बाजूला ठेवला गेल्यावर दाव्यात उरते काय, हे आपणास सांगायला नको.

शेतकऱ्यांच्या वतीने साक्षी-पुरावे गोळा करायला आलेला ईथन अ‍ॅलन हा आडदांड गृहस्थ तिथे हजर होता. निकालानंतर केम्प आणि ड्वेन आपल्याला भेटले आणि लोकांना शांत करण्यासाठी पैसे देऊ केले, असे अ‍ॅलनने पुढे सांगितले. डोंगरांचे देव आणि दऱ्यांचे देव एक नसतात, असे उत्तर त्याने केम्पला दिल्याची आख्यायिका आहे. त्यानंतर त्याने ग्रीन माउंटन बॉइज ही सशस्त्र टोळी उभारली आणि न्यूयॉर्कचे मोजणीदार, बेलीफ आणि नवे सनदधारक यांना त्या भागात पाऊल ठेवणे अशक्य करून सोडले. ड्वेनकडे हुकूमनामा होता, पण ताबा त्याला कधीच मिळाला नाही. १७७७ मध्ये व्हरमाँटने स्वतःला स्वतंत्र घोषित केले आणि १७९१ मध्ये ते संघराज्यात दाखल झाले. न्यूयॉर्कने आपला हक्क सोडला त्याबदल्यात सर्व सनदधारकांसाठी मिळून ३०,००० डॉलर मिळाले. ड्वेनच्या गुंतवणुकीच्या तुलनेत त्याच्या वाट्याला आलेली रक्कम नगण्य होती.

मला या प्रकरणात ड्वेनची बाजू घेता येत नाही. कायद्याच्या चौकटीत त्याचा दावा मांडता येण्याजोगा होता, कारण सीमा खरोखरच राजाने ठरवली होती. पण ज्यांनी झाडे तोडून जमीन कसण्याजोगी केली त्यांना पुन्हा पैसे भरा किंवा चालते व्हा असे सांगणे, आणि तेही ज्यात आपला वाटा आहे अशा जमिनीसाठी, यात न्यायाची चाड दिसत नाही.

राजकारणात तो सावध, जपून पावले टाकणारा होता. १७७४ च्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, तो न्यूयॉर्कचा प्रतिनिधी म्हणून गेला आणि ब्रिटनशी तडजोड सुचवणाऱ्या जोसेफ गॅलोवे याच्या योजनेला त्याने पाठिंबा दिला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही नाही, कारण त्या सुमारास तो न्यूयॉर्कला परतला होता. १७७८ मध्ये संघराज्याच्या पहिल्या सनदेवर मात्र ती आहे. युद्धाच्या खर्चाची आणि राज्यांच्या भांडणांची कामे त्याने वर्षानुवर्षे नेटाने केली. सप्टेंबर १७८० मध्ये तरुण अलेक्झांडर हॅमिल्टनने (हाच पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झाला) संघराज्याच्या दुबळेपणावर जे दीर्घ पत्र लिहिले, ते ड्वेनलाच लिहिलेले आहे. फेब्रुवारी १७८४ मध्ये तो महापौर झाला आणि १७८९ पर्यंत त्या पदावर राहिला. त्याच वर्षी वॉशिंग्टनने त्याला न्यूयॉर्क जिल्ह्याचा पहिला संघीय न्यायाधीश नेमले. त्याचे न्यायालय ३ नोव्हेंबर १७८९ रोजी भरले, आणि नव्या राज्यघटनेखाली प्रत्यक्ष बसलेले ते पहिले न्यायालय ठरले. सर्वोच्च न्यायालयसुद्धा त्यानंतर बसले. प्रकृती साथ देईना म्हणून १७९४ मध्ये त्याने पद सोडले आणि १ फेब्रुवारी १७९७ रोजी स्कनेक्टडी येथे त्याचे निधन झाले. डवेन्सबर्गमध्ये त्याने स्वतः बांधून दिलेल्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

प्रश्न : महापौर न्यायनिवाडा करत असे, असे आमच्या विधी महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी ड्वेनविषयी बोलताना सांगितले. हे कसे? आणि त्याने दिलेला एखादा महत्त्वाचा निकाल आहे का? (विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : त्या काळी न्यूयॉर्कचा महापौर लोक निवडून देत नसत. गव्हर्नर आणि नियुक्ती मंडळ त्याची नेमणूक करत. थेट लोकांच्या मतांनी महापौर निवडला जाऊ लागला तो १८३४ पासून. महापौर, रेकॉर्डर हा विधी-अधिकारी आणि नगरपालिकेचे सदस्य मिळून महापौर न्यायालय भरे आणि शहरातील दिवाणी दावे तिथे चालत. सत्तेची विभागणी आपण ज्या अर्थाने शिकता त्या अर्थाने ती तिथे नव्हती.

महत्त्वाचा निकाल आहे आणि तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. १७७६ च्या सप्टेंबरात ब्रिटिशांनी न्यूयॉर्क जिंकले तेव्हा एलिझाबेथ रटगर्स या विधवा बाई शहर सोडून गेल्या. मेडन लेन येथील त्यांची बिअरची भट्टी रिकामी पडली. १७७८ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या परवानगीने काही व्यापाऱ्यांनी ती ताब्यात घेतली आणि चालवली. जोशुआ वॉडिंग्टन हा त्यांच्यापैकी एक. युद्ध संपता संपता, १७८३ मध्ये, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने असा कायदा केला की ब्रिटिश ताब्याच्या काळात ज्यांनी कोणाची मालमत्ता वापरली त्यांच्यावर मूळ मालकाने नुकसानभरपाईचा दावा करावा, आणि लष्करी हुकुमाने वापरली हा बचाव प्रतिवादीला घेता येणार नाही. रटगर्स बाईंनी ८,००० पौंडांचा दावा लावला. लोकमत पूर्णपणे त्यांच्या बाजूने होते. वॉडिंग्टनच्या बाजूने उभा राहिला हॅमिल्टन.

ड्वेनची स्थिती ध्यानात घ्या. तो स्वतः शहर सोडून गेलेला घरमालक होता आणि परतल्यावर शहरातील त्याच्या घरांची नासधूस झालेली त्याला आढळली होती. त्याच्या ओळखीच्या असंख्य कुटुंबांना या कायद्याचा थेट लाभ मिळणार होता. ज्या शहराचा तो प्रमुख होता त्या शहरातील माणसे सूडाच्या मनःस्थितीत होती. २७ ऑगस्ट १७८४ रोजी दिलेल्या निकालात त्याने दावा दोन तुकड्यांत पाडला. १७७८ ते १७८० या काळात परवानगी पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्याची होती, तिला युद्धाच्या नियमांत आधार नव्हता, म्हणून त्या काळाचे भाडे द्यावे लागेल. त्यानंतरच्या काळात हुकूम खुद्द सरसेनापतीचा होता. शत्रूच्या ताब्यातील मालमत्ता वापरण्याचा असा अधिकार राष्ट्रांमधील कायदा मान्य करतो, म्हणून त्या काळाचे भाडे मागता येणार नाही. विधिमंडळाने स्पष्ट शब्दांत सांगितले असते तर न्यायालयाला त्याच्या इच्छेविरुद्ध जाता आले नसते, हे त्याने मान्य केले. मात्र राष्ट्रांमधील कायदा मोडायचा आहे असे त्या कायद्यात कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही, तेव्हा विधिमंडळाचा तसा हेतू होता असे आपण धरणार नाही, अशी त्याची मांडणी होती.

न्यायिक पुनर्विलोकनाचे, म्हणजे कायदा राज्यघटनेत बसतो का हे न्यायालयाने तपासण्याचे, तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात ठामपणे मांडले ते १८०३ मध्ये. त्याच्या एकोणीस वर्षे आधीचा हा निकाल त्या वाटेवरच्या पहिल्या काही पावलांपैकी एक मानला जातो. त्याने कायदा रद्द केला नाही, फक्त वाचला. पण कसा वाचायचा हे न्यायालय ठरवील, एवढे त्यातून उभे राहिले. विधानसभेने निकालाचा निषेध करणारा ठराव केला आणि ड्वेनच्या जागी दुसरा महापौर नेमण्याची मागणीही तिथे झाली. ती फेटाळली गेली.

ऑल्बनीचा ड्वेन आणि या निकालातला ड्वेन यांच्यात मला फार मोठे अंतर दिसते, आणि वयाने आलेल्या शहाणपणापेक्षा त्याचे कारण आसनात अधिक आहे असे माझे मत आहे. ऑल्बनीत तो वादीचा वकील होता आणि मागच्या दाराने वादीही होता. इथे तो निवाडा करणारा होता, आणि मिळणारा लाभ नाकारण्याची संधी त्याच्यापुढे होती, ती त्याने घेतली. आपल्याकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० नुसार महापालिकेशी झालेल्या करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक म्हणून अपात्र ठरतो. ड्वेनच्या काळात असा अडसर कोणी घातलेला नव्हता, म्हणून तेव्हाच्या माणसाचे माप त्याच्या वागण्यावरूनच घ्यावे लागते.

प्रश्न : आमची सिन्नरकडची जमीन आजोबांनी कूळ म्हणून कसली आणि कुळकायद्याने ती आमच्या नावावर झाली. न्यूयॉर्कच्या जमीनदारांकडेही कुळे होती का? त्यांचे पुढे काय झाले? (शेतकरी वाचक, सिन्नर)

उत्तर : होती. हडसनच्या खोऱ्यातील मोठी घराणी जमीन विकत नसत. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या किंवा कायमच्या भाडेपट्ट्याने देत, आणि दरवर्षी गहू, कोंबड्या किंवा बैलगाडीसह काही दिवसांची वेठ असा खंड घेत. कुळाने सुधारलेली जमीन दुसऱ्याला द्यायची झाली तर त्या किमतीतही मालकाचा हिस्सा असे. १८३९ मध्ये सर्वांत मोठा जमीनदार स्टीफन व्हॅन रेन्सेलेर वारला आणि वारसांनी थकबाकी वसूल करायला घेतली, तेव्हा कुळांनी खंड भरणे बंद केले. शेरीफ जप्तीला आला की गावोगाव पत्र्याचे भोंगे वाजत आणि मुखवटे घातलेले शेतकरी गोळा होत. हे आंदोलन काही वर्षे चालले. १८४६ च्या न्यूयॉर्कच्या राज्यघटनेने शेतजमिनीचा बारा वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा करण्यास मनाई केली. आपल्याकडे १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला थेट मालक केले. न्यूयॉर्कमध्ये कायद्याने असे सरसकट हस्तांतर झाले नाही. कटकटीला कंटाळून मालकांनी हळूहळू जमिनी कुळांना किंवा दलालांना विकल्या.

प्रश्न : आमच्या इंदिरानगरच्या लेआउटमधील ओपन स्पेसवरून सतत वाद असतात. ड्वेनने वसवलेल्या भागात मोकळ्या जागांचा विचार झाला होता का? (गृहनिर्माण संस्थेचे सभासद, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : ड्वेनने स्वतः केला नाही, पण त्याच्या जमिनीवर झाला. मॅनहॅटनवरील ग्रॅमर्सीच्या जमिनीपैकी सुमारे बावीस एकर १८३१ मध्ये त्याच्या वारसांकडून सॅम्युएल रगल्स याने घेतली. तोही वकील, पुढे राज्याच्या विधानसभेचा सदस्य आणि विकासकच. दलदल आणि ओढ्यानाल्यांची ती जमीन भरून काढून त्याने प्लॉट पाडले आणि मधोमध बेचाळीस प्लॉटांएवढी जागा बागेसाठी सोडली. ही जागा त्याने शहराला दिली नाही. सभोवतालच्या प्लॉटधारकांसाठी ती विश्वस्तांच्या हाती सोपवली आणि देखभालीचा खर्चही त्यांच्यावरच टाकला. बागेभोवती कुंपण आहे, फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली आजही फक्त त्या बागेलगतच्या मिळकतींकडे असते.

इतक्या वर्षांत त्या जागेवर अतिक्रमण झाले नाही, कारण तिचा मालक कोण आणि झाडलोट कोणी करायची हे पहिल्याच दस्तात लिहिलेले होते. आपल्याकडे ०.४० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. नकाशावर ती असतेच. तिची जबाबदारी कोणाकडे, हे मात्र अनेकदा अंधारात राहते आणि वाद तिथूनच सुरू होतात. असे असले तरी रगल्सची सर्वच पद्धत उचलावी असे मी म्हणणार नाही. रस्त्यावरच्या मुलाला बाहेर ठेवणारी बाग नाशिकला नको. आपल्या संस्थेने मंजूर अभिन्यासाची प्रत नगररचना विभागातून काढून घ्यावी आणि ओपन स्पेसच्या मोजमापावर आधी बोट ठेवावे.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत घर घेत आहे. त्याला टायटल इन्शुरन्सचे पैसे भरायला सांगितले आहे. अमेरिकेत सातबारा नसतो का? हा खर्च टाळता येईल का? (वाचक, नाशिक रोड)

उत्तर : सातबारा नसतो. खरेदीखते, गहाणखते आणि न्यायालयीन बोजे काउंटीच्या कार्यालयात नोंदवले जातात, पण मालक कोण याची हमी सरकार देत नाही. व्हरमाँटच्या शेतकऱ्यांचा प्रसंग वर आलाच आहे. एकाच जमिनीवर दोन सरकारांचे कागद असू शकतात, आणि नंतरच्या काळात खोट्या सह्या, राहून गेलेले वारस आणि न फेडलेली गहाणे यांची त्यात भर पडली. म्हणून जुने दस्त शोधून देणारे वकील आले, आणि त्यांच्याही नजरेतून सुटलेल्या दोषाची भरपाई देणाऱ्या विमा कंपन्या आल्या. अशी पहिली कंपनी १८७६ मध्ये फिलाडेल्फियात निघाली.

आपल्याकडच्या सातबाऱ्याबद्दलही एक गैरसमज दूर करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. तो मालकीचा अंतिम पुरावा नाही. म्हणूनच इथेही आपण फेरफार, खरेदीखते आणि वकिलाचा शोध अहवाल पाहतो.

चिरंजीवांनी खर्च टाळू नये. कर्ज देणारी बँक जी पॉलिसी मागते ती केवळ बँकेच्या कर्जाचे रक्षण करते. मालकाची पॉलिसी वेगळी असते, तिचा हप्ता खरेदीच्या वेळी एकदाच भरायचा असतो, आणि ती त्यांनी स्वतःच्या नावाने मागून घ्यावी. पॉलिसी हाती येण्याआधी कंपनी जो प्राथमिक अहवाल देते, त्यातील अपवादांची यादी त्यांनी आपल्या वकिलाकडून नीट वाचून घ्यावी, कारण त्या यादीत लिहिलेल्या दोषाची भरपाई विमा देत नाही.